हँडसेट त्याचा चालेल, नंबर तुमचाच हवा

व्हिडिओत हा मुद्दा घाईत सांगितला, म्हणून इथे जरा सविस्तर.

तारापूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडचा डिस्पॅच बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला. सहा वर्षं होता. पार्ट्यांचे नंबर, ट्रान्सपोर्टवाले, लोडिंगचे फोटो, सगळं त्याच्या मोबाइलमध्ये. ई-वे बिलाच्या पोर्टलला नंबरही त्याचाच. १ एप्रिल २०२५ पासून तिथे लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. गाडी भरून उभी, आणि ओटीपी जातोय सोडून गेलेल्या माणसाला! मालक म्हणाले, "बघा, कसं अडवलं." मी विचारलं, "सहा वर्षांत त्याच्या रिचार्जचे किती दिलेत?" गप्प.

आपल्याकडची गंमत बघा. सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये फोन गेटवर जमा करून घेतात. बरोबरच आहे, तिथे ठिणगी परवडत नाही. पण तोच माणूस सुटल्यावर बोईसरला विरार लोकल पकडतो न पकडतो, तोच त्याच फोनवर मेसेज: "अर्जंट, कोटेशन पाठव."

प्रत्येकाला मोबाइल घेऊन देणं लहान धंद्याला जमत नाही, मान्य. सिम तर जमेल ना? कंपनीच्या नावावर घ्या, त्याच्या फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा. पार्ट्यांना तोच नंबर द्या. रिचार्ज तुमचा. माणूस गेला की सिम परत. जीएसटी, ई-वे बिल आणि बँकेचे ओटीपी मात्र ऑफिसच्या नंबरवरच.

काही जण म्हणतात, "जाताना त्याचा फोन तपासून घेतो." अजिबात नको. त्यात त्याच्या बायकोचे मेसेज आहेत, पोरांचे फोटो आहेत. तुमचा हक्क सिमवर, गॅलरीवर नाही. आणि कामावर फोन पडून फुटला तर दुरुस्तीत तुम्ही किती घालणार, हे आधीच लिहून ठेवा. अर्धं पान पुरे, मराठीत, वकिली भाषा नको.

"सर, सिम दिलं तर तो रात्री आठला बंद करून टाकेल!" करू दे की. रात्री टेम्पो अडकला तर फोन कुणाला लावायचा, तेही त्याच पानावर लिहा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. पोर्टलवरचा नंबर बदलेपर्यंत आठवडाभर तो सफाळ्याहून, नव्या नोकरीच्या जेवणाच्या सुट्टीत, जुन्या मालकांना फोनवर ओटीपी सांगत होता. फुकट.