बालांगिगा : घंटा परतल्या, कारभाराचे काय?

१/ फिलिपिन्सच्या समार बेटावरील बालांगिगा या लहानशा गावाचे नाव निघाले की जगाला एकच तारीख आठवते : २८ सप्टेंबर १९०१. अमेरिकी लेखकांनी त्या दिवसाला दीर्घकाळ 'कत्तल' म्हटले. शब्द सोयीचा आहे, पुरेसा नाही. तंटा होता तो गावावर हुकूम कोणाचा चालावा, याचा.

२/ स्पॅनिश राजवटीने विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणून 'प्युएब्लो' वसवले. मध्यभागी चर्च आणि प्रजा घंटेचा नाद पोहोचेल एवढ्या अंतरात. घंटा म्हणूनच केवळ प्रार्थनेची नव्हती. तिच्या नादाने गाव जमे, संकटाची वर्दी मिळे.

३/ गावप्रमुख म्हणजे गोबेर्नादोरसिल्यो. त्याच्या हाताखाली वस्तीवस्तीचे 'काबेसा दे बारांगाय'. वसुलीत तूट आली तर ती काबेसाने पदरची भरायची. पुरुषांवर वर्षाला ४० दिवसांची वेठ. १८८४ पासून १५ दिवस. या साऱ्यावर पाद्र्याची नजर. १८९३ च्या मौरा कायद्याने गावसभेला थोडे अधिकार दिले. पण तीनच वर्षांत क्रांतीचा भडका उडाला.

४/ अमेरिका आली ती स्वशासन शिकवण्याची भाषा बोलत. ३१ जानेवारी १९०१ रोजी नगरपालिका कायदा झाला : निवडून आलेला अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सभासद. मताधिकार मात्र मालमत्ता, पूर्वीचे पद किंवा इंग्रजी-स्पॅनिशचे ज्ञान असलेल्या पुरुषांपुरताच. समारवर अजून युद्ध चालू होते. तेथे कायद्याआधी फौज पोहोचली.

५/ ऑगस्ट १९०१ मध्ये कॅप्टन थॉमस कॉनेलची तुकडी बालांगिगात उतरली. गावस्वच्छतेच्या नावाखाली पुरुषांना पकडून कामाला जुंपले गेले. प्रत्येकी १६ माणसांसाठी असलेल्या दोन तंबूंत सुमारे ८० जणांना कोंबले. कोयते जप्त झाले, घरातला तांदूळही गेला. राजवट बदलली होती, वेठ तीच होती.

६/ उठावाचा म्होरक्या कोणी दरोडेखोर नव्हता. तो गावचाच पोलीसप्रमुख होता, व्हालेरियानो आबानादोर. न्याहारीच्या वेळी घंटानाद झाला आणि ७४ पैकी ४८ अमेरिकी सैनिक प्राणाला मुकले. हल्ला निर्दय होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु गावचा अधिकारीच हत्यार उचलतो, तेव्हा आधी त्याचा अधिकार कोणी हिरावला, हे विचारलेच पाहिजे.

७/ उत्तरादाखल जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरील, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला ठार करण्याचा हुकूम दिला. गावे जळाली. १९०२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. शिक्षा काय, तर कानउघाडणी. पुढे अध्यक्ष रूझवेल्टने त्याला निवृत्त केले. मग 'कत्तल' हा शब्द एकाच दिवसासाठी का राखून ठेवायचा?

८/ बालांगिगाच्या तीन घंटा फौजेने विजयचिन्हे म्हणून नेल्या. त्यांतील दोन वायोमिंगच्या हवाई तळावर, तर एक दक्षिण कोरियातील लष्करी तळावर राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये, ११७ वर्षांनी, त्या घरी आल्या. ज्या घंटांनी गाव हाकारले जाई, त्या नेणे म्हणजे गावाचा कंठच हिरावणे होते.

९/ आज १९९१ च्या कायद्याप्रमाणे तेथे तीन वर्षांसाठी महापौर आणि आठ सभासद निवडले जातात. राष्ट्रीय करांतील ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना मिळतो. त्यातला ३४ टक्के नगरपालिकांचा. त्याची वाटणी अशी : निम्मी लोकसंख्येवर, पाव क्षेत्रफळावर, पाव सर्वांना सारखी. विरळ वस्तीच्या गावाचे पारडे हलकेच राहते.

१०/ घंटा परत आल्या म्हणून इतिहासाचे खाते बंद होत नाही. बालांगिगाचा इतिहास एका सकाळचा नाही. तो वसुलीचा, वेठीचा आणि वरून येणाऱ्या हुकमांचा आहे. लहान गावाला केवळ रणांगण म्हणून ओळखणे म्हणजे जेत्याचाच नकाशा पुन्हा गिरवणे होय.