मार्क अपेलला अपयशी कोणी ठरवलं?

मेजर लीग बेसबॉलचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. २०१३ साली त्यात सर्वांत पहिलं नाव पुकारलं गेलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क अपेल या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने त्याला करारासाठी ६३ लाख ५० हजार डॉलर मोजले. दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने घेतलेला क्रिस ब्रायंट तीन वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपेल मात्र मेजर लीगमध्ये पोहोचला तो थेट २०२२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि तिथे खेळला अवघे सहा सामने. त्यामुळे ड्राफ्टमधल्या फसलेल्या निवडींची यादी निघाली की त्याचं नाव वरच असतं. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. इतकंच नाही, तर पुढच्या प्रत्येक कॉलेज खेळाडूचं त्याने नुकसान होतं.

स्टॅनफर्डमध्ये अपेलने विद्यापीठाचा स्ट्राइकआउटचा विक्रम केला होता. पण कॉलेजचा प्रमुख पिचर साधारणपणे आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, मैदानात उतरतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये दर पाच-सहा दिवसांनी पाळी येते, हंगाम कितीतरी लांब असतो आणि समोरचा प्रत्येक फलंदाज पोटासाठी खेळत असतो. २०१४च्या जानेवारीत अपेलचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यानंतर त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, खेळायला पाठवलं गेलं कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला, जिथल्या कोरड्या, वाऱ्याच्या मैदानावर साधा फटकाही सीमेपार जातो. तिथे नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी साडेनऊच्या पुढे गेली. पुढे फिलाडेल्फिया फिलीजकडे बदली झाली, कोपरावर शस्त्रक्रिया झाली, मग खांदाही दुखावला. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने वर्षानुवर्षं चेंडू फेकणाऱ्या हाताचं असं होणं हे या पेशातलं रोजचं वास्तव आहे. त्यात मेहनतीची कसूर शोधणं निव्वळ निष्ठुरपणाचं आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एवढी मोठी रक्कम आणि पहिला मान घेतल्यावर अपेक्षांचं ओझंही घ्यायला नको का? ह्यूस्टनच्या प्रेक्षकाने ब्रायंट हातचा गेल्याची हळहळ व्यक्त करू नये का? जरूर करावी. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाचा हात दहा वर्षांनी कसा असेल, हा अंदाज संघाने बांधलेला असतो आणि किंमतही संघानेच ठरवलेली असते. पहिल्या क्रमांकावर निवडलेले १९६६चा स्टीव्ह चिलकॉट आणि १९९१चा ब्रायन टेलर हे तर मेजर लीगचा एकही सामना खेळू शकले नाहीत. दोघांनाही खांद्याची दुखापत भोवली. निवडणाऱ्यांचा हिशेब चुकतो आणि त्याचा शिक्का बसतो खेळाडूच्या कपाळी.

अपेलच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१२ची घटना. त्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आठव्या क्रमांकावर निवडून ३८ लाख डॉलर देऊ केले होते. ते नाकारून तो चौथ्या वर्षासाठी स्टॅनफर्डला परतला आणि अभियांत्रिकी-व्यवस्थापनाची पदवी त्याने पूर्ण केली. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्या खेळाडूला सहसा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकविशी गाठल्यावर ड्राफ्टमध्ये घेता येतं. म्हणजे ऐन पदवीला वर्ष उरलेलं असतानाच पैसा दारात येतो आणि बहुतेक गुणी मुलं तो घेऊन निघून जातात. अपेल थांबला, म्हणूनच २०१८च्या फेब्रुवारीत, सव्विसाव्या वर्षी, खांदा दुखत असताना आणि मन थकलेलं असताना तो खेळ बाजूला ठेवू शकला. लाखो डॉलर गाठीशी असलेल्याला हे सोपंच, असं कोणी म्हणेल. खरं आहे, आणि खरी अडचण तीच आहे. खालच्या फेऱ्यांत निवडल्या गेलेल्यांकडे ना ती रक्कम असते, ना पदवी. अगदी २०२२पर्यंत मायनर लीगच्या अ श्रेणीतल्या खेळाडूचं किमान वेतन आठवड्याला ५०० डॉलर होतं, तेही केवळ हंगामापुरतं. २०२३मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा कुठे ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पायरीवर वर्षाला किमान ३५,८०० डॉलर मिळू लागले. शिक्षणाचा खर्च संघाकडून करारात लिहून घेता येतो खरा. पण तिशीत, घरसंसार अंगावर असताना पुन्हा वर्गात बसणं कितीजणांना जमणार?

२०२१ साली अपेल खेळाकडे परतला. पुढच्या वर्षी २९ जून रोजी अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध त्याने एक इनिंग एकही धाव न देता टाकली. सहा सामन्यांतल्या १० पूर्णांक एक तृतीयांश इनिंगमध्ये त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.७४ राहिली. या पुनरागमनाने त्याने नाव राखलं, असं अनेकांनी लिहिलं. मला ते पटत नाही. ती एक इनिंग त्याच्या वाट्याला आली नसती, तरी त्याच्याविषयीचं माझं मत हेच राहिलं असतं. खरा प्रश्न पदवी न घेता निघून जाणाऱ्यांचा आहे. ज्या पिचरच्या हातावर विद्यापीठं आपला लौकिक वाढवतात, तो तिसऱ्या वर्षी निघून गेला तर त्याची जागा आणि शिष्यवृत्ती त्यांनी पुढची दहा वर्षं राखून ठेवावी. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठांनी याची सुरुवात करायला हवी.