गोळी गरम पडत नाही

आकडीची गोळी सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. ताप येतो, घसा धरतो, डोळ्यांची आग होते, तोंड आतून सोलवटतं आणि मग छाती-पाठीवर काळपट लाल चट्टे उठतात. मलकापूरसारख्या गावात, जिथे उन्हाळा आधीच जीव काढतो, अशा वेळी घरचं निदान ठरलेलं असतं: गोळी गरम पडली. ताक, सब्जा, गुलकंद सुरू होतं आणि गोळीही चालूच राहते, कारण कोर्स मध्येच सोडायचा नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कुणाला गोवर वाटतो, कुणाला कांजिण्या. मग चट्ट्याशेजारी बोट दाबून सरकवलं की वरची कातडी ओल्या कागदासारखी सुटून येते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. अंगाची तीस टक्क्यांहून जास्त कातडी सुटली की त्याचंच नाव टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस होतं आणि त्यात साधारण तीन-चार रुग्णांमागे एक दगावतो. ‘गरम पडण्या’च्या समजुतीत गेलेले दिवस म्हणूनच फार महाग पडतात. ही समजूत खोडायची तर तिला अडाणीपणा म्हणून भागणार नाही.

कारण पूर्वपक्ष वाटतो तितका पोकळ नाही. कातडी भाजल्यासारखी सोलते, तेव्हा औषधातच काहीतरी जहाल असणार, असा तर्क कुणीही करील. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये अ‍ॅलन लायेल यांनी असे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यांनाही विषाचीच शंका आली होती. पण विष एका मापाने वागतं: ज्याच्या पोटात जाईल त्याला बाधतं, जास्त गेलं तर जास्त बाधतं, आणि लवकर बाधतं. इथे तसं होत नाही. तीच गोळी लाखो लोक निर्धोक घेतात. त्रास बहुधा पहिल्या दिवशी नाही, चार ते अठ्ठावीस दिवसांनी सुरू होतो. आणि एकदा यातून उठलेल्या माणसाने तीच गोळी पुन्हा घेतली, तर आधी आठवडे लागले होते तिथे काही तास किंवा एक-दोन दिवस पुरतात. शरीराने ते औषध ओळखून ठेवलेलं असतं, आणि अशी ओळख ठेवणं हे प्रतिकारपेशींचं काम आहे.

ही नुसती अटकळ नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत काय चाललंय त्याचे तुकडे ती बाहेर मांडतात आणि टी-पेशी ते तपासत फिरतात. काही माणसांच्या एचएलएचा आकारच असा असतो की विशिष्ट औषधाचा रेणू त्याला चिकटतो, आणि टी-पेशीला आपलीच निरोगी पेशी परकी वाटते. तैवानमध्ये २००४ साली कार्बामॅझेपिन या आकडीवरच्या औषधाने हा आजार झालेले ४४ रुग्ण तपासले. सगळ्या ४४ जणांत एचएलए-बी १५:०२ हा एकच प्रकार निघाला. तिथल्याच शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये रुग्णांच्या फोडांतलं पाणी तपासलं. त्यात ग्रॅन्युलायसिन भरपूर होतं. हे प्रथिन मारक टी-पेशी आणि एनके-पेशी सोडतात. ते उंदरांच्या कातडीत टोचलं, तर तिथेही फोड आले आणि कातडी मेली. सूक्ष्मदर्शकाखाली या आजारात एक विसंगती दिसते: कातडीचा वरचा थर आरपार मेलेला, पण हल्ला करणाऱ्या पेशी तुरळक. ग्रॅन्युलायसिनमुळे ही विसंगती उलगडते, कारण मारणारी पेशी थोडी आणि तिचं हत्यार दूरवर पसरणारं. यात औषधाचा वाटा ठिणगीपुरता; कातडी मारतात त्या आपल्याच पेशी.

यावर आक्षेप येतो की मग डोसाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो लपवू नये. आकडीवरच्याच लॅमोट्रिजिनचा डोस घाईने वाढवला, किंवा मूत्रपिंड अधू असताना युरिक अ‍ॅसिडवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल मोठ्या डोसाने सुरू केलं, तर धोका वाढतो. पण ज्याच्या पेशी चेतल्या आहेत त्याला अर्धी गोळीही सुरक्षित नाही. म्हणून ‘डोस कमी करून बघू’ हा सल्ला इथे घातक ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पेशीच गुन्हेगार असतील तर स्टेरॉइडने त्यांना झोपवा की! इथे याच आजाराच्या रुग्ण अनुराधा साहा यांचं प्रकरण आठवावं लागतं. १९९८ मध्ये कोलकात्यात अंगावर पुरळ उठलं म्हणून त्यांना दीर्घकाळ शरीरात राहणारं स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं दिलं गेलं. त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवलं, पण २८ मे रोजी त्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये उपचारांतला निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये सुमारे सहा कोटींची भरपाई ठरवली. कातडी गेलेल्या अंगात जंतूंना मोकळं रान असतं. तिथे सगळीच प्रतिकारशक्ती आंधळेपणाने दाबली तर रुग्ण संसर्गाने जातो. स्टेरॉइड कधीच देऊ नये असा याचा अर्थ नाही. त्यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण नेमका वार करायचा तर हल्ल्याची साखळी माहीत हवी. २०२४ मध्ये म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या कातडीतली प्रथिनं पेशीपेशीने मोजली, तेव्हा जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग पेटलेला दिसला. तो रोखणारी औषधं चीनमधल्या सात रुग्णांना दिली. सातही बरे झाले. सात ही छोटी संख्या आहे, पण ‘गरम औषध’ मानणाऱ्याला हा उपचार सुचलाच नसता.

आता भीतीचं. अशा लेखांनी लोक आकडीची गोळी सोडतील, असं डॉक्टर म्हणतील. हा आजार वर्षाला दहा लाखांत काही मोजक्यांना होतो आणि गोळी आपल्या मनाने सोडल्यावर येणारी आकडी जीव घेऊ शकते, हे ठामपणे सांगितलंच पाहिजे. पण भीतीवरचा उतारा मौन नव्हे, चाचणी आहे. तैवानमध्ये कार्बामॅझेपिनआधी ४,८७७ जणांची एचएलए तपासणी झाली; ज्यांच्यात १५:०२ हा प्रकार सापडला त्यांना दुसरं औषध दिलं, आणि उरलेल्यांपैकी एकालाही हा आजार झाला नाही. सिंगापूरने २०१३ पासून ही तपासणी रूढ केली. आपल्याकडेही आठ भारतीय रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात सहा जणांत तोच प्रकार निघाला होता. एकदाच करायची ही रक्ततपासणी सरकारी रुग्णालयात मोफत मिळावी, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर तालुक्याच्या गावात दोन गोष्टी नक्की होऊ शकतात. नवी गोळी सुरू असताना तापासोबत चट्टे, तोंडात फोड किंवा डोळ्यांची आग दिसली, की पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यायची. आणि यातून वाचलेल्याच्या कार्डावर औषधाचं मूळ नाव ठळक लिहायचं. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण तोच रेणू मेडिकलवर निरनिराळ्या नावांनी मिळतो. ‘ती पांढरी गोळी नको’ म्हणणाऱ्याच्या हाती तेच औषध गुलाबी होऊन पडू शकतं. नोंदीही हव्यात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड या पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या औषधाने ड्रेस नावाची, पेशींच्याच उठावाची तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते, हा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, तो देशभरातून आलेल्या अशाच नोंदी चाळून. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतो: औषधाचं मूळ नाव, गोळी सुरू केल्याची तारीख, पहिला चट्टा दिसल्याची तारीख.