कुंपण कुणाचं, दुरुस्ती कुणाची?

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी कामांच्या याद्या निघतात. गच्चीच्या भेगा बुजवायच्या, पन्हाळी साफ करायच्या, वाळवणं आत घ्यायची. एक काम मात्र दरवर्षी यादीतून हमखास सुटतं. दोन घरांच्या मधलं कुंपण! ते 'त्यांचं' आहे असं आपल्याला वाटतं आणि 'यांचं' आहे असं त्यांना वाटतं. मग तार गंजते, भिंत कलते आणि दोन्ही घरं एकमेकांकडे बघत बसतात.

आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात नवऱ्याच्या दारूच्या, सासरच्या छळाच्या तक्रारी येतात, तशा या कुंपणाच्याही येतात. एका वसाहतीतल्या दोन शेजारणी अशाच आल्या होत्या. मधली भिंत एकीच्या सासऱ्यांनी बांधलेली, तिचा पाया उचलला दुसरीच्या फणसाच्या मुळांनी. एक म्हणे, "भिंत तुमची, तुम्हीच निस्तरा." दुसरी म्हणे, "झाड तुमचं, तुम्ही भरा." वाटी-वाटी साखरेची देवाणघेवाण थांबली, संक्रांतीचं हळदीकुंकूही थांबलं. दोघींपैकी एकीनंही घराची कागदपत्रं उघडून पाहिलेली नव्हती. ती 'ह्यांच्या' कपाटात!

खरं तर हा गुंता तीन प्रश्नांनी बराचसा सुटतो.

पहिला प्रश्न, कुंपण कुणाच्या जागेत उभं आहे? पूर्णपणे एकाच्या हद्दीत असेल तर ते त्याचं, आणि सांभाळायचंही त्यानंच. बरोब्बर हद्दीच्या रेषेवर, दोघांच्या संमतीनं उभं असेल तर ते सामाईक, खर्च निम्मा-निम्मा. आता ही रेषा कळायची कशी? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर मालकाचं नाव आणि क्षेत्र कळतं. जमिनीवर रेषा नेमकी कुठून जाते, ते मोजणीशिवाय पक्कं कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरावी लागते. शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो. त्या दिवशी दोन्ही घरच्या बायकांनी तिथं उभं राहावं हं! खुणा नीट जपा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीच्या निशाण्या सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकाचीच असते.

दुसरा प्रश्न, आधी काही ठरलं होतं का? खरेदीखतात, जुन्या पत्रात, गवंड्याच्या पावतीत. दोघांनी पैसे घालून बांधलं असेल तर दुरुस्तीही दोघांचीच.

तिसरा प्रश्न, नुकसान कशानं झालं? शेजारच्या खोदकामानं, मागे घेतलेल्या ट्रकनं किंवा त्यांनी सोडलेल्या पाण्यानं भिंत गेली असेल, तर भरपाई त्यांच्याकडे मागता येते. झाडाचं मात्र जपून. शहरी भागात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यामुळे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या अंगणातलं का असेना.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींसाठी उत्तर सोपं आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार आवाराच्या भिंतीची दुरुस्ती संस्थेनं आपल्या खर्चानं करायची असते. "बाग तुमच्या खिडकीसमोर आहे, तुम्हीच करा," असं तळमजल्यावरच्या बाईला कुणी सांगू नये.

त्या दोघी शेजारणींची मोजणी झाली. भिंत अर्धा फूट पहिलीच्या हद्दीत निघाली, म्हणजे भिंत तिची. पण मुळांनी झालेलं नुकसान दुसरीनं मान्य केलं. मजुरी एकीनं, सिमेंट-विटा दुसरीनं, असं कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. ज्या वादात कोर्टाच्या पायऱ्या चढायची भाषा झाली होती, तो एका कागदावर मिटला.

पण मैत्रिणींनो, हिशेब होईपर्यंत भिंत थांबत नाही. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीच्या आवाराची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. जबाबदार कोण, याची चौकशी त्यानंतर सुरू झाली. कोकणात बागेचा जांभ्याचा गडगा ढासळला तर दगड उचलून परत रचता येतात. विटा-काँक्रीटची उंच भिंत तशी दया दाखवत नाही. आणि भिंतीच्या कडेला झोपणारा माणूस बहुतेक वेळा तिचा मालक नसतोच. तो असतो राखणदार, मजूर, नाहीतर आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं कुटुंब.

म्हणून मालकी ठरायची वाट बघत धोका तसाच ठेवू नका. आधी भिंतीला टेकू द्या, कडेला कुणी झोपत असेल तर त्याला हलवा, मुलांना तिकडे खेळू देऊ नका. 'हक्क राखून तातडीची दुरुस्ती करत आहोत, खर्चाचं नंतर ठरवू' अशी चिठ्ठी शेजाऱ्यांना द्या आणि तिच्या प्रतीवर पोच घ्या. फोटो काढून ठेवा. भांडण पुढे चालू ठेवायचं असलं तर ते उभ्या भिंतीशीही चालू ठेवता येतं!

शेजारी ऐकतच नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथं मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं?

भिंतीला पडलेली चीर सगळ्यात आधी दिसते ती कपडे वाळत घालणाऱ्या, तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईला. "ते पुरुषांचं काम," म्हणून ती गप्प बसते. येत्या रविवारी कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारा. भिंत कुठं कललीय का, पाणी जायला ठेवलेली भोकं बुजलीत का, मुळं पायात शिरलीत का, ते बघा. मग कपाटातली कागदपत्रं काढा आणि शेजारच्या वहिनींना चहाला बोलवा. पावसाच्या आधी.