न पडणारं हरीण

आमच्या मेहुण्याने माझ्यादेखत एका हरणाला बाण मारला. बाण बरगडीत खचकन घुसला. हरीण जागचं हललं नाही. पाठोपाठ आणखी तिघांनी मारले, तरी ते आपलं मान वर करून शांत! मग चौघेही हरणापाशी गेले, एकाने त्याच्या कुशीला तळहात टेकला आणि भिंतीतले खिळे उपटावेत तसे बाण उपटून घेतले.

हरीण फोमचं होतं, हे आधी सांगायला हवं होतं. पण मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मेहुणा अमेरिकेत युटा राज्यात असतो. तिकडे उन्हाळ्यात बर्फ वितळला, की स्की-रिसॉर्टच्या डोंगरांवर धनुर्धारी जमतात. हिवाळ्यात घसरगुंडीवाल्यांना वर नेणारे पाळणे आता यांना नेतात. झाडीत, दरीच्या काठावर फोमचे एल्क, अस्वलं, रानटर्की उभ्या केलेल्या. या खेळाला ‘थ्री-डी आर्चरी’ म्हणतात. तो काढला धनुष्याने शिकार करणाऱ्यांनीच. इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन ही त्यांची संस्था १९८४ सालची. जनावराच्या काळजाच्या जागी वर्तुळं, गुण ११, १०, ८ नाहीतर ५. शिकारीचा हंगाम थोडे दिवस, वर्ष मोठं. मग उरलेले महिने सराव म्हणून हे. आता सरावाची जत्रा झाली आहे. बायका, पोरं, तंबू, गाड्यांच्या रांगा. १९६९ साली पेटंट मिळालेल्या कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचाही यात हात आहे. दोरी पुरती ओढली की हातावरचं बरंचसं ओझं उतरतं, त्यामुळे शनिवार-रविवारचे अर्जुन पुष्कळ झाले.

मेहुण्याला मी लगेच बजावलं, की यात नवीन काही नाही. द्रोणाचार्यांनी परीक्षेसाठी झाडावर बसवलेला पक्षीही कारागिरांनी केलेलाच होता. थ्री-डीचा मान आमचा.

काही जुने शिकारी या जत्रेवर नाक मुरडतात म्हणे. खऱ्या गड्याने फोमला बाण मारावा काय! माझं भांडण त्यांच्याशी नाही. फोमला खुशाल मारा, जन्मभर मारा. माझं भांडण मेहुण्याच्या एका वाक्याशी आहे. शंभर यार्डांवरच्या एल्कला बाण लागल्यावर तो म्हणाला, “बघितलंत भावोजी? आता हंगामात दाखवतो!”

मी बी.कॉम. माणूस. आकडा दिसला की बेरीज केल्याशिवाय जेवण जात नाही. शंभर यार्ड म्हणजे ३०० फूट. बाण सुटताना सेकंदाला २८० फुटांच्या आसपास, पुढे मंदावत जाणारा. म्हणजे पोचायला सेकंदाहून अधिक. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. तो पाव सेकंदाच्या किंचित पुढेमागे पोचला. मधला पाऊण सेकंद हरणाचा! फोमच्या हरणाला कान आहेत, पण ऐकू येत नाही. जिवंत हरीण दचकतं, उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, वळतं. मग फुप्फुसासाठी निघालेला बाण पाठीत बसतो, नाहीतर पोटात. पोटात बाण लागलेलं हरीण लगेच पडत नाही. तासन् तास जगतं आणि कुठेतरी झाडीत जाऊन मरतं.

“सरावामुळेच नेम चुकत नाही,” मेहुणा म्हणाला. तीस यार्डांवर कबूल. आमच्याकडेही नवा कारकून थेट कॅशवर बसत नाही. सरावाच्या गड्डीत एक नोट जास्त मोजली तर सगळे हसतात. काउंटरवर गेली तर त्याच्या खिशातून वसूल होते. इथे चूक मेहुण्याची आणि वसुली हरणाकडून.

“तुमच्याकडे शिकारच बंद. तुम्हाला काय कळणार?”

बंद आहे खरी, १९७२ च्या कायद्याने. पण साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते असल्याच कंपाउंड धनुष्याने, पन्नास मीटरवरच्या कागदावर. त्यातला एकही कागद जखमी होऊन रानात पळाला नाही. आणि तो कागद कशाचा तरी सराव आहे, असंही त्यांना कुणी म्हटलं नाही. फोमचा खेळही तसाच पुरा खेळ आहे. त्याला हंगामाचं शेपूट कशाला?

त्यांच्याच पोथीतला दाखला दिला. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर सॅक्स्टन पोप हे या शिकाऱ्यांचे आद्यगुरू. ते धनुर्विद्या शिकले इशी नावाच्या, याही जमातीतल्या शेवटच्या माणसाकडून. हा इशी ओठांवर बोटं धरून आवाज काढायचा आणि ससे आपल्याजवळ बोलवायचा. धनुष्य म्हणजे जवळ जाण्याची विद्या. पाळण्यात बसून शंभर यार्डांवरून मारायची नव्हे.

मेहुण्याने वाद थांबवायला धनुष्य माझ्या हातात दिलं. मी सोडलेला बाण एल्कवरून गेला आणि गवतात नाहीसा झाला. बाण महागडा. मेहुणा अर्धा तास वाकून वाकून शोधत होता.

“पोटात बाण लागलेलं हरीण किती वेळ शोधतोस रे?”

“सापडेपर्यंत.”

“गेल्या वर्षीचं सापडलं?”

तो आणखी थोडा वाकला आणि गवत बाजूला सारत पुढे गेला.