जोडावर विश्वास कशाच्या बळावर?

रेडिएटर म्हटले की आपल्याला मोटारीच्या जाळीमागचा रेडिएटर आठवतो. इंग्लंडमधील घरांत मात्र बहुतेक प्रत्येक खोलीच्या भिंतीला एक रेडिएटर असतो. बॉयलरमध्ये तापवलेले पाणी नळ्यांतून या चपट्या पोलादी पेट्यांत फिरते आणि हिवाळ्यात खोली उबदार राहते. जुना रेडिएटर गंजला की नवा बसवायचा. आणि मग वाद निघतो, नळ्यांना जोड कोणता घालावा? जुने कारागीर म्हणतात, डाख दिलेला किंवा नट आवळलेला जोडच खरा. हाताने दाबून बसवायचा जोड भरवशाचा नाही. नव्यांना हा जोडच सोयीचा वाटतो. माझ्या मते येथे मूळ प्रश्नच चुकला आहे.

कोणत्याही जोडाला दोन कामे करावी लागतात. एक, नळी निसटू न देणे. दुसरे, पाणी झिरपू न देणे. डाखाच्या जोडात वितळलेला मिश्रधातू केशाकर्षणाने अरुंद फटीत ओढला जातो आणि तेथेच थिजतो. दोन्ही कामे तोच करतो. आवळायच्या जोडात नळीवर पितळेची किंवा तांब्याची कडी असते. पान्याने नट आवळला की ती चेपून नळीला घट्ट पकडते. येथेही दोन्ही कामे कडीकडेच. दाबून बसवायच्या जोडात मात्र कामाची वाटणी आहे : दातेरी कडी नळी धरते आणि रबरी कडी पाणी अडवते.

यांतले पहिले काम किती अवघड आहे, ते गणितानेच पाहा. १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र सुमारे १.७७ चौरस सेंटिमीटर. पाण्याचा दाब दीड बार धरला, तर नळीला जोडाबाहेर ढकलणारे बल होते सुमारे २७ न्यूटन, म्हणजे पावणेतीन किलोग्रॅम वजनाएवढे! नीट बसवलेला कोणताही जोड हे सहज पेलतो.

खरी कसोटी उष्णतेची. तांब्याची पाच मीटर लांब नळी २० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर गेली, की तिची लांबी सुमारे ५ मिलिमीटरने वाढते. नळीला सरकायला जागा ठेवली नसेल, तर ही ओढाताण सांध्यांवर येते, आणि तीही हिवाळाभर, दिवसातून अनेक वेळा. नळी घासून स्वच्छ न करता दिलेला डाख, कमी किंवा अति आवळलेला नट, कापलेल्या नळीच्या खडबडीत कडेने चिरलेले रबर, हे दोष पहिल्या दिवशी कदाचित दिसणार नाहीत. ते पुढे उघडे पडतात.

आता जोडांची संख्या पाहा. एका रेडिएटरला दोन झडपा आणि प्रत्येक झडपेपाशी तीन सांधे. दहा रेडिएटरांचे झाले साठ. प्रत्येक सांधा चांगला निघण्याची शक्यता शंभरात ९९ असली, तरी साठही सांधे चांगले निघण्याची शक्यता जेमतेम ५५ टक्के! हजारात ९९९ असली, तर ती ९४ टक्के होते. म्हणजे प्रत्येक सांध्यातली थोडीशी काळजीही केवढी मोलाची आहे!

थोड्या गळतीने काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. पण गळलेले पाणी भरून काढायला नवे पाणी घालावे लागते. त्यातून विरघळलेला ऑक्सिजन आत येतो आणि पोलादाला आतून गंज चढतो. काही थेंबांपायी नवा रेडिएटरही वाया जाऊ शकतो.

म्हणून माझे मत असे. झडपेपाशी, जेथे जोड डोळ्यांसमोर राहतो, तेथे आवळायचा जोड उत्तम. ओल दिसली तर पुन्हा आवळता येतो. जमिनीखाली शक्यतो अखंड नळीच न्यावी. नवा रेडिएटर जुन्याच रुंदीचा निवडला, तर नळ्या वाढवाव्या लागत नाहीत आणि लपलेले जोडही वाढत नाहीत. जोड घालणे भागच असेल तर डाखाचा घालावा. पण लाकडी तक्तपोशीजवळ ज्योत वापरणे धोक्याचे असेल, तर दाबून बसवायच्या जोडाला केवळ नवा म्हणून नाकारणे योग्य नव्हे. जोड कोणताही असो, तक्ते ठोकण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाबाने तो तपासावा. मग पाणी तापवून, निववून, कोरडा कागद लावून पुन्हा पाहावे. एवढे न करता 'काम झाले' म्हणणाऱ्या कारागिराचा अनुभव कितीही वर्षांचा असला, तरी तो पुरावा नव्हे.

आपल्या घरी रेडिएटर नसतील. पण गीझरच्या आणि गच्चीवरील सौर बंबाच्या नळ्याही तापतात आणि निवतात. त्यांनाही हेच नियम लागू आहेत. वर्गात आम्ही दाब शिकवतो, प्रसरण शिकवतो, पण ही दोन्ही जेथे भेटतात तो जोड मात्र दाखवत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे : टाकून दिलेला एखादा जोड करवतीने उभा कापून वर्गात आणा, आणि त्यात नळी कोण धरते व पाणी कोण अडवते, ते मुलांनाच शोधू द्या.