माळ्यावरच्या बातम्या

एके काळी पिंपरी-चिंचवडमधल्या गच्च्यांवरच्या सगळ्या अँटेना एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत, सिंहगडाकडे. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुणे परिसरात दिसू लागलं. आपल्याकडे तेव्हा नगरपालिका होती. महापालिका व्हायला 1982 उजाडावं लागलं. माणसं मात्र थांबली नव्हती, ती कारखान्यांत कामाला येतच होती. टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, एसकेएफ, फिनोलेक्स. कुणाचा चुलता आधी आलेला, कुणाचा मेहुणा. आमच्या चाळीत एका भिंतीपलीकडे लातूरचं कुटुंब होतं, दुसऱ्या भिंतीपलीकडे जळगावचं, समोर सांगलीचे लोक आणि जिन्याखालच्या खोलीत रत्नागिरीचे दोघे भाऊ. सगळे मराठीच बोलत, पण प्रत्येक घरचं मराठी वेगळं. नळावर त्यावरून चेष्टा चाले, कधी भांडणंही होत.

या सगळ्यांनी एकत्र बसून ऐकलेलं एकच मराठी होतं. संध्याकाळच्या बातम्यांचं.

चाळीत एक टीव्ही होता, लाकडी शटरचा, आणि ज्यांचा होता त्या काकूंनी कधी कुणाला दार लावलं नाही. सिनेमाच्या दिवशी खोली तुडुंब भरे. बातम्यांना येणारी माणसं मात्र वेगळी असत. पहिल्या पाळीवरून आलेले, हातपाय धुऊन, बनियन बदलून. ते दाराशी बसत, कारण तिथून उठून जाणं सोपं. बातम्या चालू असताना कुणी बोलायचं नाही हा नियम कुणी केला होता कोण जाणे, पण तो पाळला जाई. समोरचा माणूस आपल्याशी नीट बोलतो आहे, तर आपण नीट ऐकावं, एवढी साधी रीत होती ती.

आणि ती माणसं खरोखरच नीट बोलत. मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून ओळखले जाणारे डॉ. विश्वास मेहेंदळे. मुलांसाठी सुंदर लिहिणारे अनंत भावे. चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर, शोभा तुंगारे. पुण्यात वाढलेली स्मिता पाटील. श्याम बेनेगलांच्या नजरेस ती पडली ती बातम्या वाचताना, आणि नंतर सिनेमाने तिला आपल्याकडून नेलं. आमच्या चाळीतल्या बायकांना ती पडद्यावरची मोठी नटी झाल्यावरही 'बातम्यांतली ती मुलगी' म्हणूनच आठवायची.

भक्ती बर्वे यांच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. त्या बातम्या वाचत तेव्हा प्रत्येक वाक्य पूर्ण होई. श्वास कुठे घ्यायचा, कुठे अर्धी मात्रा थांबायचं, हे त्यांना नाटकातून आलं होतं. 1975 मध्ये पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' आलं आणि हाच आवाज रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मंजुळाच्या ठसक्यात बोलू लागला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. एकाच बाईच्या गळ्यात शुद्ध, प्रमाण मराठी होतं आणि गल्लीतलं रांगडं मराठीही होतं, आणि दोन्ही तितक्याच प्रेमाने. आमच्यासारख्या मुलांना शाळेत एक भाषा आणि घरी दुसरी अशी कसरत रोज करावी लागे. यातली एक खालची आणि एक वरची, असं आम्हाला कुणी ना कुणी सांगतच असे. भक्तीबाईंकडे पाहून ते खोटं वाटायचं. 12 फेब्रुवारी 2001 ला वाईचा प्रयोग करून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर त्यांचा अपघाती मृत्यू झाला. त्या रस्त्याचं पुण्याकडचं टोक आपल्या किवळ्याला आहे. तिथून गाडी आत शिरते तेव्हा मला त्यांची आठवण येते.

आणि प्रदीप भिडे. चार दशकं एक माणूस महाराष्ट्राला बातम्या सांगत राहिला. पूर आला, भूकंप झाला, सरकारं पडली, क्रिकेटचा विश्वचषक जिंकला; त्यांच्या आवाजाची पातळी जागेवरच राही. दुःखाची बातमी असली तर गती किंचित कमी व्हायची, इतकंच. घाबरायचं की नाही, रागवायचं की नाही, हे त्यांनी कधी आमच्या वतीने ठरवलं नाही. ते माध्यम सरकारी होतं आणि सरकारला जे नको ते त्यात येत नसे, हे मला मान्य आहे. सप्टेंबर 1989 मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, त्या काळात चाळीतल्या बायका बातम्या लागायच्या आधीच टीव्हीसमोर येऊन बसत. त्यांना हवं होतं तितकं त्यात मिळत नसे. तरीही त्या येत, कारण जे सांगितलं जाई ते फुगवून सांगितलेलं नसेल, यावर त्यांचा विश्वास होता. 7 जून 2022 ला भिडे गेले, तेव्हा निवृत्त कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दिवसभर त्यांचाच फोटो फिरत होता. कुठल्या मंत्र्यासाठी मी तसं पाहिलेलं नाही.

बातम्यांइतकंच बातम्यांच्या आजूबाजूचं सगळं आमच्या अंगात भिनलं होतं. दोन वक्र रेषा फिरत फिरत येऊन त्यांचा डोळा व्हायचा आणि पंडित रविशंकर यांच्या नावाशी जोडलेली ती धून वाजायची. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते 1976 मध्ये, तेव्हापासूनची ती धून आहे. आजही कुणाच्या मोबाइलवर ती वाजली की साठीच्या पुढची माणसं मान वर करतात. मग 'साप्ताहिकी'. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार, हे सांगणारा तो कार्यक्रम आम्ही वही घेऊन बघायचो, कारण पाळीचं वेळापत्रक आणि टीव्हीचं वेळापत्रक जुळवावं लागे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वडिलांचं सगळंच चुकायचं. 'गजरा' कधी आहे, नाटक कधी आहे, हे आई लिहून ठेवी आणि वडील ते वाचून पाळी बदलून मिळते का ते बघत. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' होतं, तसंच 'कामगार विश्व' नावाचा कार्यक्रमही होता. त्याची घोषणा झाली की दाराशी बसलेली माणसं जराशी पुढे सरकत. टीव्हीने आपल्याला नाव घेऊन हाक मारली, असं त्यांना वाटत असावं.

पण खरं सांगायचं तर आपला हा पट्टा त्या पडद्यावर फार क्वचित दिसला. संप, गोळीबार, पूर, नाहीतर मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. देशभर पळणाऱ्या स्कूटर आणि ट्रक इथे तयार होत आणि बातम्या मात्र वरळीहून येत. आपल्या रस्त्याचं नाव टीव्हीवर ऐकायला आम्हाला नव्वदचं दशक उलटेपर्यंत थांबावं लागलं, आणि ते ऐकवलं कुठल्या मोठ्या वाहिनीने नाही, तर केबलवाल्यांनी.

स्थानिक केबलवरच्या त्या बातम्यांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे. संध्याकाळी कधीतरी सिनेमा थांबायचा आणि मोरया गोसावींचं समाधी मंदिर, निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प, कारखान्याचं गेट, पवनेचा पूल अशी चित्रं एकामागून एक यायची. वर शहराचं नाव, मागे कुठल्यातरी कीबोर्डवर वाजवलेलं संगीत. मग एक मुलगी किंवा मुलगा समोर. बहुतेक आपल्याच कॉलेजातले. मागचा पडदा निळा, कधी त्याला सुरकुती. अमुक प्रभागात उद्या पाणी येणार नाही. तमुक शाळेचा निकाल. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली, त्याचं चित्रण. 1997 मध्ये चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होलीसारखी गावं महापालिकेत आली, तेव्हा तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे हे गावच्या पारावर जाऊन विचारणारा कॅमेरा याच मंडळींचा होता. खाली सरकत्या पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, हरवलेल्या मुलाचं वर्णन. या निवेदकांना मानधन किती मिळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पण बाजारात भाजी घेताना लोक त्यांना ओळखत आणि 'आमच्या गल्लीतल्या गटाराचं सांगा की ताई' म्हणत. एवढा जवळचा वृत्तनिवेदक या शहराला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही.

मोठ्या वाहिन्या त्याच सुमारास आल्या. 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी, मग 2007 आणि 2008 मध्ये चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या, एकापाठोपाठ एक. त्यांच्या घोषवाक्यांवर आमची मुलं वाढली. 'उघडा डोळे, बघा नीट' हे तर घरात हरवलेली वस्तू शोधतानाही म्हटलं जाई. त्यांचे चांगले निवेदकही झाले. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आले तेव्हा या वाहिन्यांची वाहनं गेटपाशी उभी होती, हेही खरं. त्यांचं कौतुक करायला इतर पुष्कळ जण आहेत, आणि त्यांचं चित्रण कुठेतरी साठवलेलंही असेल.

दूरदर्शनच्या त्या बातम्यांचं मात्र काय झालं? त्या थेट वाचल्या जात. वाचून झाल्या की हवेत विरल्या. भक्ती बर्वे, अनंत भावे यांचं बातम्या वाचतानाचं चित्रण शोधायला बसा. हाताला फार थोडं लागतं. आपल्या स्थानिक केबलचं तर त्याहून वाईट. कॅसेट महाग, म्हणून त्याच कॅसेटवर पुन्हा पुन्हा चित्रण. मग एक एक करून चालक बदलले, दुकानं बंद झाली, कॅसेटचे खोके भंगारात गेले. शहर घडत असताना त्याने स्वतःबद्दल जे रोज सांगितलं, ते असं गेलं.

हे सगळीकडेच झालं असेल असं समजू नका. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 1968 पासून राष्ट्रीय बातम्यांचं रोजचं चित्रमुद्रण जपून ठेवलं आहे. आणि फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी घरात चोवीस तास व्हीसीआर चालू ठेवून तीन दशकांहून अधिक काळ टीव्हीच्या बातम्या मुद्रित केल्या. 2012 मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात सुमारे 70,000 कॅसेट होत्या. शेजाऱ्यांना हा छंद विचित्र वाटला असेल. आज इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था त्या कॅसेटचं संगणकीकरण करते आहे.

आपल्या लोकांना आपल्या बातम्यांची किंमत नाही, असं मात्र मला कुणी सांगू नये. जून 2023 मध्ये आकाशवाणी पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा लोक खवळून उठले. सकाळचं सात-दहाचं बातमीपत्र ऐकत डबा भरणारी, पहिल्या पाळीला निघणारी घरं अजून आहेत. त्यावरचा सुधा नरवणे यांचा आवाज ऐकत या पट्ट्यातल्या दोन पिढ्या कामाला लागल्या. निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे आवाज उठवला की आवाज वाचतो, हे आपण करून दाखवलेलं आहे.

तेव्हा आता एक काम करू या. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्याकडे व्हीसीआर होता, त्यांनी माळ्यावर चढून कॅसेटचे खोके खाली उतरवावेत. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी, मॅचच्या मध्ये, नाटकाच्या आधी चुकून बातम्यांची चार मिनिटं मुद्रित झालेली असतात. 'साप्ताहिकी'चा तुकडा असतो, 'व्यत्यय'ची पाटी असते, केबलवरच्या त्या मुलीचा चेहरा असतो. चुंबकीय फितीला आपल्या पावसाळ्यात बुरशी लागते आणि ती चिकटते, म्हणून घाईने जुन्या यंत्रात घालून बघू नका. व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय करणारे काही जुने लोक अजून फीत स्वच्छ करून संगणकावर उतरवून देतात, त्यांच्याकडे न्या. ज्यांनी स्थानिक केबलवर बातम्या वाचल्या, कॅमेरा धरला, त्यांनी आपली नावं, साल आणि वाहिनी कागदावर लिहून ठेवावी.

आणि महापालिकेला विनंती आहे. या शहराने सायन्स पार्क उभं केलं, नाट्यगृहं बांधली, भक्ती-शक्तीचं शिल्प उभारलं. एखाद्या वाचनालयात एक थंड, कोरडी खोली, दोन चालू स्थितीतले व्हीसीआर, एक संगणक आणि हे काम समजणारा एक माणूस, एवढीच मागणी आहे. लोक कॅसेट घेऊन येतील, उतरवून घेतील, मूळ प्रत घरी नेतील. चालू व्हीसीआर आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. त्यामुळे हे पुढच्या अंदाजपत्रकात नाही, याच वर्षी व्हायला हवं.